खसखस आणि बादली

ढाक्याच्या अतिसार रुग्णालयात एक खाट वापरतात, तिचे नावच ‘कॉलऱ्याची खाट’. चौकटीवर मेणकापड ताणलेले, त्याला बरोबर कमरेखाली येईल असे ताटलीएवढे भोक आणि भोकाखाली बादली. रोग्याला उठून जायचे त्राण नसते म्हणून ही सोय आहे हे खरे, पण या खाटेचा मोठा उपयोग हिशेबाचा. खाली किती गेले ते बादली सांगते आणि तेवढे वरून, शिरेतून नाहीतर तोंडाने, भरत राहायचे. जमा आणि खर्च जुळला की माणूस वाचतो. इतका सरळ हिशेब वैद्यकात क्वचितच सापडतो.

खर्चाची बाजू मात्र डोळे फिरवणारी आहे. कॉलरा जोरात असला तर मोठ्या माणसाच्या आतड्यातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. ६० किलोच्या माणसात पाणी असते ३६ लिटरच्या आसपास. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ६ लिटर गेले की नाडी हाताला लागेनाशी होते. ६ लिटर म्हणजे ६ तास. सकाळी न्याहारी करून घराबाहेर पडलेला धडधाकट माणूस दुपारच्या चहापर्यंत ओळखू येत नाही. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, आवाज बसलेला, बोटांची टोके दिवसभर धुणी धुतल्यासारखी सुरकुतलेली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर एरवी ती झटकन सपाट होते. इथे ती चिमटीच्या आकाराचीच उभी राहते आणि मग सावकाश, सैल कणकेसारखी खाली बसते. बादलीत जे पडते त्याला ना वास ना मळ. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी, त्यात शेंबडासारखे बारीक कण.

या रोगाला मराठीत पटकी म्हणतात. त्याहून जुना शब्द मोडशी. आज मोडशी म्हटले की अपचन, फार तर हगवण एवढेच डोळ्यांपुढे येते, पण सोळाव्या शतकातल्या गोव्यात हा शब्द भलताच भारी होता. १५४३ साली गोव्यात आलेल्या साथीचे वर्णन गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने केले आहे आणि रोगाचे नाव इथल्या लोकांच्या तोंडून ऐकून लिहिले आहे. मोडणे, मोडून पडणे, त्यावरून मोडशी. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशिम’ केले आणि फ्रेंचांपर्यंत पोचता पोचता ते ‘मोर द शियँ’ झाले. त्याचा फ्रेंचमध्ये अर्थ होतो ‘कुत्र्याचे मरण’. आपला एक शब्द इतक्या लांब जाऊन इतका बिघडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. गावागावांत वेशीवर मरीआई बसली तीही याच भयापोटी.

तर तासाला लिटरभर पाणी खेचून काढणारा हा जीव आहे तरी केवढा?

लांबी दोन मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकार स्वल्पविरामासारखा, मागे एकच शेपूट. त्याचे घनफळ ढोबळमानाने एक घनमायक्रॉन धरू. आता स्वयंपाकघरातून खसखशीचा एक दाणा आणा आणि बोटाच्या टोकावर ठेवा. दाण्याचा व्यास एक मिलिमीटर धरला तर त्याच्या पोटात सुमारे ५० कोटी घनमायक्रॉन जागा आहे. म्हणजे कॉलऱ्याचे ५० कोटी जिवाणू दाटीवाटीने बसवले तर खसखशीचा एक दाणा होतो. भारतात आज जितकी माणसे आहेत तितके जिवाणू तीन दाण्यांत मावतील. पुढच्या सगळ्या मोजणीसाठी हेच आपले माप, कारण नुसत्या शून्यांनी काही कळत नाही.

हा दाणा तयार व्हायला किती वेळ लागतो? मनासारखे अन्न आणि ऊब मिळाली तर असे जिवाणू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. एकाला दोनाने २९ वेळा गुणत गेले की ५३ कोटींच्या वर आकडा जातो. २९ वेळा वीस मिनिटे म्हणजे ९ तास ४० मिनिटे. रात्री नऊला जेवून उठताना भांड्यात एकच जिवाणू राहिला असेल आणि त्याला सगळे मनाजोगते मिळाले असेल, तर सकाळी पावणेसातच्या चहाला खसखशीचा दाणा तयार. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या गरम रश्श्यात. आतड्यात असले लाड कोणी पुरवत नाही, आणि आतड्यापर्यंत पोचणे हीच पहिली अडचण आहे.

त्या अडचणीचे माप एका हट्टी म्हाताऱ्याने नकळत काढून ठेवले. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्याहून कळवले होते की कॉलऱ्याचे कारण हाच स्वल्पविराम. म्युनिकचे प्राध्यापक मॅक्स फॉन पेटेनकोफर यांना ते पटत नव्हते. त्यांच्या मते जमीन, भूजलाची पातळी, ऋतू हे सगळे जुळून आल्याखेरीज एकटा जंतू काही करू शकत नाही. वाद पुस्तकी नव्हता. १८९२ च्या उन्हाळ्यात एकट्या हॅम्बुर्ग शहरात साडेआठ हजारांवर माणसे कॉलऱ्याने दगावली होती. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ७३ वर्षांच्या पेटेनकोफरनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेला एक घनसेंटिमीटर रस्सा पिऊन टाकला. त्यात जंतू होते १०० कोटींच्या घरात. आपल्या मापाने खसखशीचे दोन दाणे. पोटातल्या आम्लाने जंतू मेले अशी पळवाट कोणाला राहू नये म्हणून त्यांनी सोबत पाण्यात खाण्याचा सोडाही घेतला होता. काही दिवस जुलाब झाले, शौचात कॉलऱ्याचे जंतू सापडले, पण प्राध्यापक ठणठणीत राहिले आणि आपला मुद्दा सिद्ध झाला असे त्यांनी जाहीर केले. जुलाब झाले, जंतू सापडले आणि तरीही आपण जिंकलो असे म्हणायला प्राध्यापकच लागतो.

मला या गोष्टीत जंतूंपेक्षा सोडा मोठा वाटतो. जठरातला रस लिंबाच्या रसाहून आंबट असतो आणि कॉलऱ्याच्या जंतूला आंबट सोसत नाही. पुढे अमेरिकेत स्वयंसेवकांना मोजूनमापून कॉलऱ्याचे जंतू पाजण्यात आले तेव्हा असे दिसले की सोड्याशिवाय माणूस आजारी पाडायला १० कोटींपासून १० हजार कोटींपर्यंत जंतू लागतात. दोन ग्रॅम सोड्यासोबत तेच जंतू दिले की १० लाख पुरतात, आणि दहातल्या नऊ जणांना जुलाब होतात. काहींना तर त्याहून पुष्कळ कमी पुरले. चिमूटभर सोड्याने जठराचा दरारा निदान शंभरपटीने उतरतो. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना पोटाचे संसर्ग जास्त होतात त्याचे मूळ इथे आहे.

टायफॉइडचे असेच माप मेरीलंडच्या तुरुंगातल्या कैद्यांवर काढले गेले. दुधातून जंतू द्यायचे आणि कोणाला ताप येतो ते पाहायचे. १,००० जंतू दिले त्या १४ जणांपैकी कोणीही आजारी पडले नाही. १ लाख दिले तेव्हा ११६ पैकी ३२ पडले. १ कोटीला ३२ पैकी १६, म्हणजे बरोबर निम्मे. १०० कोटी दिल्यावर ४२ पैकी ४०. यातले १०० कोटी गिळूनही न पडलेले ते दोघे कोण असतील, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. कैद्याने ‘स्वखुशीने’ म्हटले तर त्या शब्दात खुशी किती आणि भिंती किती, हा प्रश्न आज कोणीही विचारील. १९७० साली छापलेले हे आकडे तरी पाठ्यपुस्तकांत अजून आहेत.

आता शिगेला. आव पडते, रक्त पडते, मुरडा येऊन माणूस दुमडतो, तो रोग देणारा जंतू. १८९७ साली जपानमध्ये या हगवणीची साथ आली, ९१ हजारांहून अधिक लोकांना ती झाली आणि पाचातला एक तरी मेला. किओशी शिगा या तरुण डॉक्टरने तेव्हा हा जंतू शोधला म्हणून त्याचे नाव शिगेला. त्याचा जो सर्वांत जहाल प्रकार, त्याचेही डोस पुढे स्वयंसेवकांवर मोजले गेले.

दहा.

लाख नाही, कोटी नाही. दहा जंतू गिळले तरी दहातला एक जण आजारी पडू शकतो. खसखशीच्या एका दाण्याचे असे दहा-दहाचे वाटे केले तर पाच कोटी वाटे होतात. २०११ च्या जनगणनेतल्या सबंध महाराष्ट्राला, ११ कोटी २४ लाख माणसांना, सव्वादोन दाणे पुरले असते. कॉलऱ्याचे १० कोटी आणि याचे १०, दोन्ही एकाच तोंडातून जाणारे आणि एकाच आतड्यात उतरणारे जंतू, पण मध्ये एक कोटीपट अंतर. शिगेलाला आम्ल पचते. जठरात तो तासन्‌तास टिकाव धरतो, त्यामुळे खिंडीत माणसे गमवावी लागत नाहीत आणि मोठी फौज लागत नाही.

या एका फरकावरून दोन्ही रोगांची सगळी तऱ्हा ठरते. कोट्यवधींची फौज हवी तर वाहन हवे, म्हणून कॉलरा पाण्यातून येतो. विहीर, नदी, फुटलेला नळ. दहाच जण हवेत तर संडासाची कडी पुरते. माशीचा पाय पुरतो. नखाखालची जागा तर त्यांना मैदानासारखी आहे. पाणी कितीही स्वच्छ असले तरी पाळणाघरात, छावणीत, तुरुंगात शिगेला हातोहात फिरतो तो यामुळे.

जठर ओलांडले तरी पुढे मोकळे रान नसते. आधीच तिथे बिऱ्हाडे आहेत. आपल्या शरीरात जिवाणू किती याचे उत्तर बरीच वर्षे ‘शरीराच्या पेशींच्या दहापट’ असे दिले जाई. १९७२ सालचा एक ढोबळ अंदाज सगळे एकमेकांचे पाहून लिहीत आले होते. २०१६ साली इस्राएलच्या वाइझमान संस्थेतल्या मंडळींनी नीट बेरीज केली. सत्तर किलोच्या तरुण पुरुषात जिवाणू ३८ लाख कोटी आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. जवळपास बरोबरी. बरोबरी इतकी काठावरची की सकाळी एकदा शौचाला जाऊन आले की माणूस स्वतःच्या शरीरात बहुमतात येऊ शकतो, असे त्यांनीच गमतीने लिहून ठेवले आहे. या सगळ्यांचे वजन दोनशे ग्रॅम, आणि बहुतेक सारे मोठ्या आतड्यात.

जुन्या चाळीत खोली मिळत नाही तशी या वस्तीत जागा मिळत नाही. अन्न वाटून घेतलेले, कोपरे धरलेले, नवख्याला त्रास देण्याच्या सगळ्या रीती ठाऊक असलेले भाडेकरू. त्यांची किंमत उंदरांवर मोजली गेली आहे. १९५४ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात निम्म्या उंदरांना साल्मोनेलाची लागण व्हायला लाखभर जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस देऊन आतड्यातली वस्ती उठवली आणि मग तेच जंतू पाजले, तर दहासुद्धा जास्त झाले. साधी सर्दी झाली म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या काढून घेणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

आतड्याची भिंत किती मोठी, याचाही एक जुना आकडा मोडीत निघाला आहे. ‘आतडे उलगडून पसरले तर टेनिसचे मैदान होईल’ हे वाक्य आपण सगळे शाळेपासून ऐकतो. गॉथेनबर्गच्या दोन संशोधकांनी २०१४ साली सूक्ष्मदर्शकाखाली मोजून सांगितले की तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे सगळे अस्तर मिळून साधारण ३२ चौरस मीटर भरते. बॅडमिंटनच्या निम्म्या कोर्टाहूनही थोडे कमीच. ऐकणाऱ्याचा विरस होतो, पण एका माणसाच्या पोटात निम्मे कोर्ट मावते हेही काही थोडे नाही. त्यातले आतड्याचे, एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर चार-पाच दिवसांत पूर्ण नवे होते. रोज सुमारे ४,००० कोटी पेशी गळून पडतात आणि तितक्याच खालून वर येतात.

कॉलऱ्याचा जंतू या निम्म्या कोर्टावर येऊन काय करतो? खरे सांगायचे तर तो काहीही मोडत नाही. पेशीत शिरत नाही, भिंत पाडत नाही, रक्तात जात नाही. शेपूट फिरवत तो सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या तीसचाळीसपट पोहतो. साडेपाच फूट उंचीचा माणूस त्या हिशेबाने धावला तर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाईल. वाटेतला शेंबडासारखा थर कापतो, बारीक तंतूंनी एकमेकांना धरून पेशीवर थवा करून बसतो आणि विष सोडतो. एवढेच.

हे विषही मुळात त्याचे नव्हे. कॉलऱ्याच्या जंतूची सगळी जनुकीय पोथी ४० लाख अक्षरांची आहे. विषाचा मजकूर त्यात एका विषाणूने, जिवाणूंना होणाऱ्या विषाणूने, आणून घातला आहे आणि त्या विषाणूची अख्खी पोथी जेमतेम ७ हजार अक्षरांची. ४० लाखांतली ७ हजार म्हणजे दोनशे पानांच्या वहीतले पान-अर्धे पानसुद्धा पुरते भरत नाही. ते नसेल तर हाच जंतू खाडीच्या पाण्यात कोलंबीच्या कवचावर गुमान आयुष्य काढतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. मोठ्या साथी आणल्या त्या फक्त दोघांनी.

विष आहे, हे कॉखने १८८४ सालीच बोलून दाखवले होते. ते दिसायला ७५ वर्षे लागली आणि दाखवले कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा. त्यात जंतू नव्हे, जंतू गाळून काढलेले नुसते पाणी टोचायचे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. दोरा, ससा आणि गाळणी, एवढ्या सामग्रीवर १९५९ साली ‘नेचर’मध्ये लेख आला आणि सगळी जुनी समजूत उलटली, तोवर बहुतेकांना वाटत होते की कॉलऱ्यात आतड्याचे अस्तरच सोलून निघते. डे १९८५ साली वारले. आपल्या देशातल्या विज्ञानाच्या दरबारात ते शेवटपर्यंत उपेक्षितच राहिले.

विषाचा रेणू सहा तुकड्यांचा. पाच तुकडे कडे करून पेशीला चिकटतात, सहावा आत जातो आणि एक खटका दाबून ठेवतो. पेशीच्या आत एका निरोप्या रसायनाचे प्रमाण शंभरपटीपर्यंत चढते. तो निरोप असतो ‘क्षार बाहेर सोडा’. क्लोराइड बाहेर पडते, त्यामागून सोडियम, त्यामागून पाणी. खटका नेहमीचाच आहे, दारे नेहमीचीच आहेत. फरक इतकाच की कोणी दिवा लावून बटणाला चिकटपट्टी मारून गेले आहे.

नेहमीची उलाढालही मोठीच असते, आपल्याला तिचा पत्ता नसतो एवढेच. रोज दोनेक लिटर आपण खातो-पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःचे सात लिटर त्यात ओतते. नऊ लिटर आत गेले, बाहेर पडते शौचातून १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे सगळे, शेकडा ९८ भाग, आतडे शोषून परत रक्तात देते. अशा हिशेबनीस अवयवाच्या खात्यात खोट कशी येते ते पावसाच्या भाषेत मांडून पाहिले तेव्हा मी स्वतः चकित झालो. लहान आतड्याचे अस्तर तीस चौरस मीटर. दिवसाला २४ लिटर पाझरले तर दर चौरस मीटरला ८०० मिलिलिटर. म्हणजे ०.८ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या आत पडला तर भारतीय हवामान खाते त्या दिवसाला पावसाचा दिवससुद्धा म्हणत नाही. निम्म्या बॅडमिंटन कोर्टावर नुसती भुरभुर होते, आणि माणूस मरतो.

शिगेलाचा स्वभाव अगदी उलटा. तो घरफोड्या आहे. आतड्याच्या आतल्या बाजूने, समोरून, त्याला पेशीत शिरता येत नाही. म्हणून तो पहारेकऱ्यांचाच दरवाजा वापरतो: भिंतीत काही पेशी अशा असतात की त्यांचे कामच आतड्यातले नमुने उचलून मागच्या रोगप्रतिकारक पेशींना दाखवायचे. त्यांच्या पाठीवर बसून तो भिंतीच्या मागे पोचतो, तिथल्या पहारेकऱ्याला मारतो आणि मग मागच्या बाजूने पेशींत घुसतो. घुसण्याचे हत्यार म्हणजे सुई. जिवाणूच्या अंगातून बाहेर आलेली, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकी लांब, आतून पोकळ. तिचे भोक अडीच नॅनोमीटरचे. आपल्या डोक्याचा एक केस आडवा धरला तर त्याच्या रुंदीत अशी तीस हजार भोके ओळीने बसतील. त्या भोकातून प्रथिने टोचली की पेशी स्वतःच जंतूला पोटात ओढून घेते. आत गेल्यावर तो पेशीच्याच सांगाड्याचे तंतू आपल्यामागे शेपटीसारखे जुळवतो आणि त्या रेट्याने शेजारच्या पेशीत शिरतो. बाहेर उघड्यावर यायचेच नाही. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी वाटेतल्या जोडण्या उसवतात आणि त्या भेगांतून आणखी शिगेला आत येतात. बादलीत पाणी कमी पडते, पण रक्त पडते.

याच सुईचा आणखी एक करामती उपयोग लहान मुलांना जुलाब देणारा ई. कोलायचा एक प्रकार करतो. पेशीवर त्याला धरायला काही नसते, म्हणून तो सुईतून आपलाच एक आकडा पेशीत टोचतो, पेशी तो आपल्या अंगावर बसवते आणि मग हा त्या आकड्याला गच्च धरतो. खालून पेशी उंचवटा करून देते. पाहुणा येताना स्वतःचा पाट घेऊन आला आणि यजमानाकडून त्याखाली चौथराही बांधून घेतला, असा प्रकार. हे १९९७ साली उघडकीस आले.

जंतू आणि विषाणू मिळून जी ही अतिसाराची टोळी आहे, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वर्षाला पाच वर्षांखालची ४ लाख ४० हजारांवर मुले नेते. दिवसाला बाराशे.

पुन्हा बादलीकडे येऊ. तीत नुसते पाणी नसते. कॉलऱ्याच्या एका लिटर जुलाबात १ हजार कोटींपासून १ लाख कोटींपर्यंत जंतू असतात. मधला आकडा, १० हजार कोटी, धरला तर लिटरमागे खसखशीचे दोनशे दाणे. चमचाभरही नाही, तळाला चिमूटभर गाळ. पण त्यातून १० कोटींचे हजार डोस निघतात. शिवाय माणसाच्या आतड्यातून नुकताच बाहेर पडलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूपेक्षा जास्त झोंबतो. २००२ साली उंदराच्या पिलांवर मोजले तेव्हा हा फरक सातशेपटीपर्यंत भरला. ही धार काही तासच टिकते. पण रोग्याचे अंथरूण धुतलेले पाणी शेजारच्या आडात जायला काही तास पुरतात.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेजवळच्या बनगाव इथे कॉलरा उसळला. तिथल्या इस्पितळात दोन खोल्या, जमिनीवर पाऊल ठेवायला जागा नाही इतके रोगी, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात पुड्या भरायला सुरुवात केली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तोच, पेटेनकोफरांच्या पेल्यातला. तिथे त्याने जंतूंना वाट करून दिली होती; इथे तो जुलाबावाटे रक्तातून निघून गेलेल्या सोड्याची भरपाई करत होता. प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवून बंद करायच्या, बनगावला न्यायच्या आणि तोटी असलेल्या मोठ्या पिंपांत पाण्यात मिसळायच्या. पाजायचे काम रोग्यांच्या आईबापांनी, भावाबहिणींनी केले. जिथे शंभरातले तीस मरत होते तिथे ३.६ वर आकडा आला.

हे चालते कसे, त्याचे उत्तर रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथल्या एका परिषदेत मांडले होते. आतड्याच्या पेशीवर एक दार असे आहे की ते एकट्या सोडियमला आत घेत नाही आणि एकट्या साखरेलाही घेत नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, असे त्रिकूट आले तरच फिरते. कॉलऱ्याचे विष बाहेर सोडणारा खटका दाबून धरते, पण या दाराला हातही लावत नाही. दर फेऱ्यामागे पाण्याचे सुमारे २६० रेणू आत जातात अशी एक मोजणी आहे. पाणी हे दार स्वतः वाहून नेते की साखर-मिठामागून ते आपोआप ओढले जाते यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मी आपला गुणाकार करून पाहिला. २२ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सातावर बावीस शून्ये इतके रेणू. प्रत्येकामागे २६० धरले तर अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी होते. एका पुडीतली साखर एकटीच लिटरातला अर्ध्याहून अधिक वाटा ओढून घेते.

आणि किती पाजायचे हे बादलीशिवायही कळते. पाणी तुटलेला माणूस ते खारट-गोड पाणी घटाघटा पितो, पेला खाली ठेवू देत नाही. तूट भरून आली की त्याच पाण्याची चव त्याला नकोशी होते आणि तो तोंड वाकडे करून पेला हाताने मागे सारतो.